उमेदवारीची वर्षे आणि खजिन्याचा हिशेब

लष्करी नोकरीचा आरंभ नेमका कोणत्या दिवशी झाला, हा प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक, दफ्तरातील एखाद्या कारकुनाने नोंदवही उघडून निमिषार्धात सोडवावा असा वाटतो. परंतु जेथे अधिकाऱ्याचे वेतन हुद्द्याबरोबरच सेवेच्या वर्षांवर वाढते आणि निवृत्तिवेतनही त्याच वर्षांच्या प्रमाणात ठरते, तेथे या एका तारखेवर हजारो कुटुंबांची उत्तरायुष्यातील मिळकत अवलंबून असते, आणि म्हणूनच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायदेमंडळ, खजिना आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यामध्ये पाऊण शतक रेंगाळलेला हा प्रश्न मला एखाद्या मोहिमेच्या वृत्तांताइतकाच वाचनीय वाटत आला आहे. अधिकारी होऊ पाहणारा मुलगा लष्करी शाळेची पायरी चढतो तेव्हा शिपाई होतो, की चार वर्षांनी सनद हाती पडते तेव्हा? सरकारने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे दिली आहेत, आणि कोणते उत्तर केव्हा द्यावयाचे हे बहुधा पैसा कोणत्या दिशेने वाहणार आहे हे पाहून ठरविले आहे.

हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट येथे उभ्या राहिलेल्या लष्करी प्रबोधिनीचा जन्म १६ मार्च १८०२ च्या कायद्याने झाला. अध्यक्ष जेफरसनच्या कारकिर्दीतील त्या कायद्याने स्थापत्यदलात दहा छात्रांची तरतूद केली आणि प्रत्येकाला दरमहा १६ डॉलर व रोज दोन शिधे लावून दिले. ही रक्कम शिष्यवृत्ती म्हणून दिलेली नव्हती. ते वेतन होते, आणि तेही त्या काळच्या लष्करी रिवाजास अनुसरून नाणे व शिधा अशा दुहेरी स्वरूपात. वरिष्ठ अधिकाऱ्यांचेही भत्ते तेव्हा शिध्यांच्या संख्येने मोजले जात आणि त्यांचे रोख रकमेत रूपांतर करून घेता येई. आपल्याकडील जुन्या कागदांतील शिधा आणि रोजमुरा यांच्याशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या व्यवहारात काही नवलाचे वाटणार नाही. सांगावयाचे तात्पर्य इतकेच की, पहिल्या दिवसापासून हा मुलगा सरकारच्या पगारपत्रकावर होता.

तो केवळ पगारपत्रकावरच होता असे नव्हे, तर करारानेही बांधलेला होता. २९ एप्रिल १८१२ च्या कायद्याने छात्रांची संख्या अडीचशेपर्यंत वाढविताना असे ठरविले की, प्रत्येकाने आईबापांच्या किंवा पालकाच्या संमतीने पाच वर्षे सेवा करण्याचा करारनामा लिहून द्यावा. पुढे १८१७ साली सिल्व्हेनस थेयर अधीक्षक होऊन आला आणि त्याने त्या विस्कळीत संस्थेला चार वर्षांचा अभ्यासक्रम, रोजची परीक्षा आणि कठोर शिस्त यांची घडी बसवून दिली, तेव्हा या कराराचा दुबळेपणा उघड झाला. कारण पाचांपैकी चार वर्षे गणित आणि तटबंदीशास्त्र शिकण्यातच गेल्यावर सरकारच्या पदरी अधिकारी म्हणून फक्त एक वर्ष पडू लागले. यावर उपाय म्हणून ५ जुलै १८३८ च्या कायद्याने ही मुदत आठ वर्षांची केली. त्याच कायद्याच्या दुसऱ्या एका कलमाने सेनापतीच्या दर्जाखालील प्रत्येक अधिकाऱ्यास लष्करात घालविलेल्या दर पाच वर्षांमागे रोजचा एक जादा शिधा मंजूर केला. एकाच कायद्याच्या पोटातील ही दोन कलमे शेजारी ठेवून पाहावीत. मुदतीच्या कलमात शाळेतील चार वर्षे ‘सेवा’ म्हणून आठांत धरलेली आहेत. शिध्याच्या कलमात मात्र ती धरावयाची किंवा नाही याविषयी एक अक्षरही नाही. या मौनाचा अर्थ खजिन्याच्या हिशेबनिसांनी आपल्या सोयीने लावला, आणि त्यात त्यांना फारसा दोष देता येत नाही; तिजोरी राखणाऱ्याने संदिग्ध शब्द तिजोरीच्या बाजूने वाचावा हा त्याच्या खिजमतीचा धर्मच होय.

निवृत्तीचा प्रश्न त्या वेळी उपस्थितच झालेला नव्हता, कारण लष्करात निवृत्ती म्हणून काही नव्हतीच. म्हातारा कर्नल आपल्या पलटणीच्या पटावर मरेपर्यंत राही. तो घोड्यावर बसू शकत नसला, त्याचे काम दुसरा कोणी करीत असला, तरी त्याची जागा आणि तिचे वेतन त्याचेच असे, आणि त्याच्याखालचे अधिकारी त्याच्या आयुष्याची दोरी केव्हा तुटते याची वाट पाहत केस पिकवीत बसत. १८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा संपूर्ण लष्कराचा मुख्य जो विन्फील्ड स्कॉट तो पंचाहत्तरीच्या घरात होता, ही एकच गोष्ट त्या व्यवस्थेवर पुरेसे भाष्य करणारी आहे. त्याच वर्षी ३ ऑगस्टला झालेल्या कायद्याने चाळीस वर्षे सेवा केलेल्या अधिकाऱ्यास स्वतःच्या अर्जावरून निवृत्त होण्याची प्रथम मुभा मिळाली. १८७० च्या कायद्याने शिध्यांचा जुना घोळ मोडून वार्षिक वेतन ठरविले, दर पाच वर्षांस वेतनाच्या दहा टक्के वाढ आणि चाळीस टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, तीस वर्षांनंतर निवृत्तीची वाट मोकळी केली आणि निवृत्ताला वेतनाचे पंचाहत्तर टक्के देऊ केले; १८८२ साली चौसष्टाव्या वर्षी सक्तीची निवृत्तीही आली. आता वर्षांना किंमत आली होती. चाळीस वर्षांत छात्रपणाची चार धरली तर घर चार वर्षे जवळ येत होते, आणि पहिल्या पाचांत ती धरली तर सनद मिळाल्यापासून पाच वर्षांनी येणारी दहा टक्क्यांची वाढ अवघ्या एका वर्षात खिशात पडत होती.

२४ फेब्रुवारी १८८१ च्या कायद्याने अधिकाऱ्यांचे वेतन ठरविताना लष्करातील किंवा आरमारातील ‘प्रत्यक्ष सेवेचा’ सर्व काळ जमेस धरावा असे फर्माविले, आणि या शब्दांच्या आधाराने मॉर्टन नावाचा, १८६९ साली वेस्ट पॉइंटहून उत्तीर्ण झालेला एक अधिकारी आपली चार वर्षे मागण्यासाठी दाव्यांच्या न्यायालयात गेला. तेथे तो जिंकला, सरकारने अपील केले, आणि १८८४ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्याच बाजूने निकाल दिला. त्या निकालामागील विचारसरणी इतकी सरळ आहे की, एवढे साधे सत्य सिद्ध करण्यास पाच दशके का लागावीत असे वाटावे. लष्कर कशाकशाचे मिळून बनते हे सांगणाऱ्या कायद्याच्या यादीतच छात्रदलाचे नाव होते. छात्र सेवेचा करार लिहून देत होता. लष्करी शिस्तीच्या आणि लष्करी न्यायाच्या कक्षेत तो येत होता. शिक्षेसाठी जो शिपाई आहे तो पगाराच्या वेळी विद्यार्थी कसा होईल? १८८९ साली त्याच न्यायालयाने हाच न्याय १८३८ च्या जुन्या शिध्यालाही लागू केला, आणि मग काय विचारता! ज्यांच्या हाडांची माती होऊन गेली होती अशा अधिकाऱ्यांच्या वारसांनीही पन्नास वर्षांपूर्वीच्या शिध्यांची थकबाकी मागण्यास प्रारंभ केला. न्यायाची ही एक गंमत आहे की, तो उशिरा मिळाला तर बहुधा वकिलांना आणि नातवंडांना मिळतो.

कायदेमंडळाने मॉर्टनचा हा निकाल अठ्ठावीस वर्षे सोसला. त्या अवधीत लष्कराची मूर्तीच पालटली होती. स्पेनशी झालेले युद्ध आणि फिलिपाइन बेटांतील मोहीम यांमुळे सेनेचा विस्तार झाला आणि वेस्ट पॉइंटचे तोंडही न पाहिलेले, स्वयंसेवक पलटणींतून, शिपाईगिरीतून आणि मुलकी जीवनातून आलेले अनेक अधिकारी छात्रदलातून आलेल्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. यांच्यापैकी जो विद्यापीठात चार वर्षे शिकून आला होता त्याला त्या चार वर्षांबद्दल कवडीही मिळत नव्हती, आणि सरकारी खर्चाने शिकलेल्याला मात्र शिक्षणाचा काळही सेवा म्हणून लाभत होता. ही विषमता डोळ्यांत सलावी यात अस्वाभाविक काही नाही, आणि कायदेमंडळाच्या मनात काटकसरीबरोबर हीही गोष्ट असावी असा माझा तर्क आहे.

२४ ऑगस्ट १९१२ चा कायदा हा वास्तविक लष्कराच्या वार्षिक खर्चमंजुरीचा कायदा. परंतु अशा कायद्यांच्या शेपटाला नाना प्रकारची कलमे बांधण्याची तेथील कायदेमंडळाची जुनी खोड आहे. या एका कायद्याने पगारखाते, शिधाखाते आणि सामग्रीखाते यांचे एकीकरण केले, आणि राजधानीत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या अधिकाऱ्यांना पलटणीत परत धाडण्याची तजवीज केली; चीनमधील मांचू राजवट त्याच वर्षी पदच्युत झाली असल्यामुळे या हकालपट्टी झालेल्यांना लष्करात ‘मांचू’ असे विनोदाने म्हणू लागले. याच गर्दीत एक लहानसे कलम असे होते की, यापुढे लष्करी किंवा नाविक प्रबोधिनीत नेमल्या जाणाऱ्या छात्राचा तेथील काळ लष्करी अधिकाऱ्याच्या सेवेची लांबी मोजताना कोणत्याही कारणासाठी धरला जाऊ नये. ४ मार्च १९१३ रोजी आरमारासाठीही तसेच कलम झाले. न्यायालयाचा तर्क कोणी खोडून काढला नाही. छात्र लष्कराचा घटक नाही असेही कोणी म्हटले नाही. तो आहे, पण मोजावयाचा नाही, एवढेच ठरले.

‘यापुढे’ या शब्दाने मात्र एक रेषा ओढली गेली, आणि ती कोणाकोणाच्या मधून गेली हे पाहणे मनोरंजक आहे. १९१५ साली उत्तीर्ण झालेला वेस्ट पॉइंटचा वर्ग फार विख्यात. १६४ जणांपैकी ५९ जण पुढे सेनापतीच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर चढले, आणि आयझेनहॉवर व ब्रॅडली हे दोघे त्यांतलेच. हा वर्ग १९११ च्या उन्हाळ्यात दाखल झालेला असल्यामुळे कायद्याच्या शब्दाप्रमाणे त्याची चार वर्षे सुरक्षित राहिली. १९१३ साली दाखल झालेल्या वर्गात रिजवे, कॉलिन्स आणि मार्क क्लार्क होते. दुसऱ्या महायुद्धात हे तिघेही मोठ्या जबाबदाऱ्या वाहणार होते, परंतु त्यांच्या छात्रपणाची वर्षे हिशेबातून कायमची वजा झाली होती. आयझेनहॉवर आणि ब्रॅडली यांना अर्थात शेवटी या चार वर्षांची ददात उरली नाही, कारण पंचतारांकित हुद्द्यावरील अधिकारी कधी पेन्शनीत निघतच नाही. दैव ज्याला देते त्याला ते नियमांची गरजही ठेवीत नाही.

विद्यापीठांतून अधिकारी तयार करण्याची जी योजना १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने निघाली, तिची कथा थोडक्यात सांगता येईल. तेथील विद्यार्थी प्रारंभी लष्कराच्या पटावर नसल्यामुळे मोजण्यासारखे काही नव्हते. १३ ऑक्टोबर १९६४ च्या कायद्याने शिष्यवृत्त्या दिल्या आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस राखीव दलात नाव नोंदविणे भाग पाडले. आता हा नोंदणीचा काळ सेवा ठरेल हे ओळखून त्याच कायद्याने तो अधिकाऱ्याच्या हिशेबात धरू नये असेही लिहून ठेवले. मॉर्टनचा धडा सरकार विसरले नव्हते. पुढे एवढीच सवलत मिळाली की, १ ऑगस्ट १९७९ नंतर जो विद्यार्थी शिकता शिकता राखीव पलटणीत प्रत्यक्ष कवायतीस जात असेल, त्याचा तो काळ धरावा.

याच्या उलट, शिपायांतून निवडून काही महिन्यांच्या शिक्षणाने अधिकारी बनविण्याची जी शाळा, तिच्यातील उमेदवार मुळात शिपाई म्हणून पगारी नोकरीवर असल्यामुळे तिचा दिवसन् दिवस मोजला जातो, आणि त्याच्या आधीची शिपाईगिरीही मोजली जाते. एकाच दिवशी खांद्यावर पहिला पट्टा चढविणाऱ्या दोन तरुणांपैकी एकाने चार वर्षे बंदूक वाहिली असेल आणि दुसऱ्याने चार वर्षे वेस्ट पॉइंटच्या मैदानावर तीच वाहिली असेल, तर पहिला चार वर्षांच्या सेवेच्या वेतनावर आरंभ करतो आणि दुसरा शून्यावर. १९५८ पासून तर चार वर्षांहून अधिक शिपाईगिरी केलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी वेतनाचा वेगळा, चढा तक्ताच केलेला आहे. निवृत्तीचे गणित याहून बोलके आहे. १९४८ च्या कायद्यानंतर वीस वर्षांच्या सेवेवर पेन्शन हा सर्वसाधारण नियम झाला, आणि दर वर्षास अडीच टक्के या प्रमाणाने वीस वर्षांना वेतनाचे पन्नास टक्के पदरात पडू लागले. प्रबोधिनीची चार वर्षे मोजली गेली असती तर सनदेपासून सोळाव्या वर्षी घरी जाता आले असते, किंवा विसाव्या वर्षी साठ टक्के मिळाले असते. मृत्यूपर्यंत चालणाऱ्या रकमेतील हा दहा टक्क्यांचा फरक म्हणजे त्या चार वर्षांची खरी किंमत होय.

या व्यवस्थेतील विसंगतींची रास लावावयाची म्हटले तर ती बरीच उंच होईल. त्यांतील दोन-तीनच सांगतो. वेस्ट पॉइंटचा जो छात्र उत्तीर्ण होऊन अधिकारी होतो त्याची शाळेतील वर्षे बुडतात, पण जो मध्येच गळून साधा शिपाई म्हणून राहतो, त्याच्या वेतनाच्या हिशेबात ती जमा होतात. कारण बंदी आहे ती अधिकाऱ्यापुरतीच. अधिकारी लष्कर सोडून संघराज्याच्या मुलकी नोकरीत शिरला आणि त्याने ठरावीक रक्कम भरली, तर तेथील निवृत्तिवेतनासाठी याच चार वर्षांना लष्करी सेवा म्हणून मान्यता मिळते. लष्कराने जी सेवा नाकारली ती मुलकी खात्याने कबूल करावी, हा प्रकार कोणत्याही प्रहसनकाराला हेवा वाटावा असा आहे.

सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. निवृत्तिवेतनाचे सूत्र गेल्या अर्धशतकात तीनदा बदलले, आणि दर वेळी जुन्या सूत्राचा लाभ कोणाला द्यावयाचा हे लष्कराशी पहिला संबंध कोणत्या तारखेस आला यावरून ठरले. आणि येथे मात्र प्रबोधिनीत दाखल होण्याची तारीख चालते! ८ सप्टेंबर १९८० पूर्वी आलेल्यांचे निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनावर, त्यानंतरच्यांचे सर्वाधिक वेतनाच्या छत्तीस महिन्यांच्या सरासरीवर. १ ऑगस्ट १९८६ पासून आलेल्यांना प्रारंभी आणखी कृश सूत्र. आणि १ जानेवारी २०१८ पासून दर वर्षास अडीचऐवजी दोन टक्के व त्याच्या जोडीला बचतनिधीत सरकारी भर. परिणामी १९८० च्या जुलैत वेस्ट पॉइंटमध्ये शिरून १९८४ साली सनद मिळविलेला अधिकारी अखेरच्या वेतनाच्या जुन्या सूत्राचा धनी ठरतो, आणि १९८१ साली शिपाई म्हणून भरती होऊन त्याच्याच बरोबर अधिकारी झालेला मनुष्य, ज्याची तीन वर्षे मोजली जातात, तो सरासरीच्या सूत्रात अडकतो. म्हणजे छात्राचे पहिले पाऊल कायद्याला दिसते, त्यापुढची चार वर्षांची चाल मात्र दिसत नाही. छात्राला दरमहा मिळणारी रक्कम आजही असते, आणि ती नव्या लेफ्टनंटच्या मूळ वेतनाच्या पस्तीस टक्के ठरविलेली आहे. सेवा नाही असे ज्याला म्हणावयाचे त्याला वेतन देत राहण्याचा १८०२ चा रिवाज सुटलेला नाही.

इंग्लंडने हा गुंता निराळ्या रीतीने, काहीशा रुक्षपणे तोडला. तेथील १९७५ च्या निवृत्तिवेतन योजनेत अधिकाऱ्याची सेवा वयाच्या एकविसाव्या वर्षापासून आणि शिपायाची अठराव्या वर्षापासून मोजत. त्याआधी कोण कोठे काय शिकत होता याची चौकशीच नको.

आपल्याकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी नेहरूंच्या हस्ते झाली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे उद्घाटन झाले. सिंहगडाच्या परिसरात तीन वर्षे आणि नंतर लष्करात जाणाऱ्यास डेहराडूनला एक वर्ष, असा हा चार वर्षांचाच मार्ग आहे, आणि त्याचा हिशेबही अमेरिकी कायद्याच्याच वळणाने होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाची जाहिरात स्पष्ट सांगते की, शिक्षणाचा काळ सनदी सेवा मानला जाणार नाही. खडकवासल्यातील तीन वर्षांना विद्यावेतन नाही. डेहराडूनच्या वर्षात ते दरमहा ५६,१०० रुपये आहे, आणि तो आकडा नव्या लेफ्टनंटच्या मूळ वेतनाइतकाच आहे. पेन्शनीसाठी लागणारी वीस वर्षे सनदेनंतरच सुरू होतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला या वजावटीची जाणीव असण्याचे कारण नाही, आणि धडधाकट राहून ज्याला सनद मिळाली त्याला पुढे चांगल्या कारकिर्दीत तिचे फारसे दुःखही होत नाही.

दुःख होते ते दुसऱ्याच एका वर्गाला. घोडेस्वारीत, मुष्टियुद्धात किंवा अडथळ्यांच्या शर्यतीत शिक्षण चालू असतानाच ज्याचा कणा मोडला किंवा पाय गेला आणि वैद्यकीय मंडळाने ज्याला घरी पाठविले, त्या छात्राला सनद मिळालेली नसल्यामुळे तो माजी सैनिक ठरत नाही. अधिकाऱ्याला अपंगत्वाबद्दल जे निवृत्तिवेतन मिळते त्याऐवजी त्याला सानुग्रह म्हणून एक मासिक रक्कम मिळते, आणि माजी सैनिकांसाठी असलेल्या वैद्यकीय योजनेचे दारही त्याला दीर्घकाळ बंद होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारने अशा छात्रांना त्या वैद्यकीय योजनेत घेण्याचे मान्य केले. सानुग्रह रक्कम पुरेशी आहे काय, आणि या मुलांचा दर्जा नेमका कोणता मानावयाचा, हे प्रश्न त्या सुनावणीत न्यायालयासमोर आले.